काचेची फरशी

शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर जायला लोक रांगा लावतात आणि वर पोचल्यावर बोटं दाखवत आपलंच घर शोधतात. घर बघायचं तर घरी बसा की! माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकं समोरच्या तक्त्यावरची न दिसणारी अक्षरं अंदाजाने ठोकून देतात. माणसाच्या नजरेवर माझा काडीचा विश्वास नाही, अकलेवर त्याहून कमी.

पण मेहुणीने लग्नाच्या वाढदिवसाला तिकिटं दिली होती, तेव्हा जाणं भाग होतं. बायको लिफ्टमध्येच माझी बाही घट्ट धरून उभी. वरच्या गॅलरीत फरशीचा एक चौकोन काचेचा होता. त्यावर चांगली धडधाकट माणसं आडवी पडून फोटो काढून घेत होती.

"अहो, मी नाही हं त्याच्यावर येणार."

"चष्मेवाल्याची बायको आणि काचेला घाबरते! चारचौघांत शोभा करू नकोस." मी तिला ओढलंच.

तिने खाली पाहिलं आणि तिची थरथर एकदम थांबली.

"खाली चौकात मी उभी आहे," ती म्हणाली.

चौकात मुंग्यांएवढी माणसं होती. त्यांत एक पिवळा ठिपका. बायकोचा स्वेटर पिवळा होता. तिच्या चष्म्याचा नंबर मला पाठ आहे. चष्मा लावूनही तिला रस्त्यापलीकडची पाटी धड वाचता येत नाही.

"ती वर बघतेय. माझ्याकडे बघून हसतेय हो."

मला चीड आली. "मग तिलाच पाठव वर आणि तू जा खाली. ती तरी अशी रडतोंडी नसेल."

एवढं सुनावून मी कॉफी आणायला गेलो. परत आलो तर बायको काचेच्या मधोमध उड्या मारत होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"चष्मा कुठाय?"

"कशाला हवाय?" असं म्हणून तिने लांब टेकडीवरच्या एका दुकानाची पाटी मला वाचून दाखवली. मी गॅलरीतल्या दुर्बिणीला डोळा लावला. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

कॉफी तशीच ठेवून आम्ही खाली उतरलो.

चौकात पिवळ्या स्वेटरमधली एक बाई मान वर करून उभी होती. चष्म्याची फ्रेम माझ्या दुकानातली. डावी दांडी दोऱ्याने बांधलेली. ती नीट करून द्यायला मला महिनाभर सवड झाली नव्हती.

वरच्या काचेकडे बघून ती हात हलवत होती.

"अहो! मी इथे आहे! अहो!"

हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता.

"चल," माझ्या शेजारची म्हणाली. बायकोने मला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. थांबायची माझी छाती झाली नाही.

"कुणाला हाका मारतेय रे ती?"

"असेल कुणाचीतरी बायको," मी म्हणालो.