बाराव्या तुकड्याची जागा

भेस्तानला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत माझी पत्र्याची शेड आहे. आत एक लेथ, एक कटर मशीन आणि बसायला उलटा टाकलेला क्रेट. पूर्वी मी मागांसाठी लाकडी बॉबिनी कातायचो. प्लॅस्टिकच्या बॉबिनी आल्या आणि ते काम संपलं. मग जावयानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लाकडाचे छोटे तिरके तुकडे कापायचे, गोलात जुळवून चिकटवायचे, की त्यांचं कडं होतं. कड्यावर कडं रचायचं आणि लेथवर कातून वाडगं काढायचं. जावई काही कामाचं बोलला असा तो एकच दिवस.

ह्या कामात सगळा खेळ कोनाचा. एका कापात केसभर चूक झाली तर ती प्रत्येक तुकड्यागणिक वाढते आणि शेवटच्या जोडाशी फट होऊन समोर उभी राहते. तेव्हा मशीनला शिव्या घालून उपयोग नसतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मी कोन तीनदा तपासतो. बायको म्हणते, ह्याला देव भेटला तरी आधी कोनमापक लावील. लावीनच.

आम्ही खान्देशातले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई देवी बसते. त्या दिवशीचे रोट म्हणजे भाऊबंदांची हजेरीच. कुळात जेवढे पुरुष, तेवढ्या वेळा सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, दळायचे, ती कणीक लाकडी काठवटीत मळायची, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. पाळण्यातल्या पोराचीही मूठ धरतात. मेलेल्याची धरत नाहीत.

गावाहून आणलेली जुनी काठवट यंदा उभी चिरली. चिंधाआप्पा आमच्यात सगळ्यांत वडील. ते म्हणाले, भटू, नवी तू कर. मला हुरूप आला. मी सुचवलं की प्रत्येकानं आपल्या घरातलं जुनं लाकूड आणून द्यावं, मी एकेकाच्या नावाचा तुकडा कापून काठवटीचं वरचं कडं त्यांचंच करतो. सगळ्यांना ते फार आवडलं. पुरुष किती, एवढंच ठरायचं होतं, आणि तिथंच घोडं अडलं.

माझा चुलतभाऊ वारला, त्याची बायको उषावहिनी कोसाडच्या वसाहतीत राहते. तिचा एकुलता एक मुलगा योगेंद्र टेम्पो चालवायचा. गेल्याच्या आधल्या वर्षी तो बारडोलीला माल टाकायला गेला आणि परत आला नाही. टेम्पो कालव्याच्या कडेला नीट लावलेला सापडला, काचा वर, किल्ली आत. कालवा उपसला, पोलीस झाले, पोस्टर झाली. माणूस काही मिळाला नाही. पहिल्या वर्षी त्याची मूठ धरली. दुसऱ्या वर्षी कोणी बोललं नाही, म्हणून धरली गेली. यंदा वहिनीच्या घरी बसलो असताना आप्पांनी विषय काढला.

"उषाबाई, माले काय आनंद व्हस का?" आप्पा मान खाली घालून म्हणाले. "पन जो आठे नही, त्यानी मूठ किती वरीस धरानी? देवीपुढे खोटं व्हस ते."

"मना पोऱ्या जित्ता शे," वहिनी म्हणाली.

"मग कोठे शे?"

दाराशी वहिनीची सून योगिता उभी होती. रोटातून नाव गेलं म्हणजे कुळानं माणूस गेला असं मानलं. मग तिच्या कपाळावरचं कुंकू राहणार नव्हतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. मी निघालो तशी ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, तुमचं माप चुकत नाही ना कधी?" मी नाही म्हणालो. तिनं हे का विचारलं ते मला तेव्हा समजलं नाही. मला तिची फार दया आली, पण आप्पांचं म्हणणं मला पटलं होतं, हेही खरं.

तर अकरा पुरुष ठरले. त्यात मीही आलो.

अकरा हा आकडा कातणाऱ्याच्या डोक्याला ताप. बारा असते तर पंधरा अंश, सरळ हिशेब. अकराला सोळाच्या वर अपूर्णांकात जावं लागतं. मी कटरचा कोन लावला, आधी भंगार लाकडाचे अकरा तुकडे कापले आणि जुळवून पाहिले. कडं असं बंद झालं की उजेड दिसेना. मग त्या कोनाला हात न लावता खऱ्या लाकडांना सुरुवात केली. आप्पांचा तुकडा जुन्या मागाच्या सागाचा, दीपकचा दाराच्या चौकटीचा, विठ्ठलचा आंब्याच्या फळीचा, माझा स्वतःचा पहिल्या लेथच्या बैठकीचा. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव घातलं आणि वयाच्या क्रमानं गोल मांडले.

कडं बंद झालं नाही. दीपक आणि विठ्ठल यांच्या मध्ये फट राहिली, आणि तीही केसभर नव्हे. एक अख्खा तुकडा बसेल एवढी.

मी हसलो. एखादा तुकडा खाली पडला असणार म्हणून वाकून भुसा चाळला. मोजले, अकरा होते. प्रत्येकाला कोनमापक लावला, प्रत्येक बरोबर. लांबी बरोबर. भंगाराचं कडं शेजारी ठेवलं; तेही अकराचं, तेवढ्याच मापाचं, आणि ते बंद होतं. त्याच्यातला एक तुकडा काढून दीपकच्या तुकड्याच्या पाठीला पाठ लावून पाहिला. दोन्ही अगदी सारखे. कुठं एवढासाही फरक नव्हता.

बाहेर गल्लीत माग चालू होते, त्यांचा आवाज एका लयीत येत होता. मी पट्ट्यानं कडं आवळलं, फट सरकवून माझ्या आणि आप्पांच्या मध्ये आणली, आणि घरी जेवायला गेलो. जेवण झाल्यावर येऊन पाहिलं. पट्टा तसाच आवळलेला होता. फट दीपक आणि विठ्ठलच्या मध्ये होती.

योगेंद्र दीपकहून लहान आणि विठ्ठलहून मोठा. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी क्रेटवर बसलो आणि पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी सगळे तुकडे नव्यानं कापले. मग कटरचं पातं बदललं आणि परत कापले. आंब्याची फळी संपत आली. भंगाराचं कडं दर वेळी बंद होई, नावांचं होत नसे. शेवटी मी आप्पांना फोन केला आणि फक्त एवढंच म्हणालो की येऊन जा.

आप्पांनी तीस वर्षं माग चालवले आहेत. त्यांना वेडंवाकडं पटवता येत नाही. त्यांनी चष्मा पुसला, तुकडे स्वतः मांडले, उलट क्रमानं मांडले, सुलट क्रमानं मांडले. मग मधल्या रिकाम्या जागेत अंगठा ठेवला.

"तू काही करेल शे का, भटू?"

"आप्पा, मी काय करणार? मला जमलं असतं तर बंद केलं असतं."

"उषानी सांगेल नही ना तुले काही?"

"तुमच्या पायाची शप्पथ."

ते उठले. पत्र्याच्या दाराशी थांबून, मागं न बघता म्हणाले, "धर मग त्याले."

मी कोसाडला गेलो. वहिनीला फटीबद्दल काही सांगितलं नाही, फक्त योगेंद्रचं लाकूड मागितलं. ती रडायला लागली. योगिता आत गेली, योगेंद्र लहानपणी ज्या खाटेवर झोपायचा तिचा बाभळीचा पाय घेऊन आली आणि माझ्या हातात देताना हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की रिक्षात बसल्यावर माझेच डोळे भरून आले.

बाभळीचा तुकडा मी त्याच कोनानं कापला. त्या कोनाचे बारा तुकडे एका कड्यात बसूच शकत नाहीत. अकरांनी गोल पुरा होतो, बाराव्याला जागा राहत नाही. हे कोणालाही कागदावर काढून दाखवता येईल. मी तो दीपक आणि विठ्ठलच्या मध्ये धरला. हातोडी लागली नाही. तो नुसत्या बोटानं आत गेला आणि कडं बंद झालं.

मी सरस लावला, आवळलं, वाळू दिलं. खाली सागाचा तळ जोडला आणि लेथवर चढवून कातलं. बाभूळ कठीण असते, पटाशी अडते, पण त्या ठिकाणी पटाशी जराही अडली नाही. काठवट फार देखणी झाली. कड्यात बारा रंगांचे बारा तुकडे होते, आणि मी ते किती वेळा मोजले ते सांगत नाही.

रविवारी सकाळी सगळे भाऊबंद कोसाडला जमले. वरून रिपरिप चालू होती, जिन्यात चपलांचा ढीग. कानबाई बसली, बायकांनी गाणी म्हटली. बारा वेळा सव्वा सव्वा मूठ गहू आदल्या दिवशीच दळून आले होते. वहिनीनं नव्या काठवटीत कणीक मळली. मळताना ती बाभळीच्या तुकड्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती.

पहिला रोट तव्यावर पडला आणि दारात योगेंद्र उभा राहिला.

काय गोंधळ झाला ते काय सांगू. वहिनी त्याच्या गळ्यात पडली. आप्पांसारखा माणूस हुंदके देऊन रडला. दीपकनं त्याला उचलूनच आत आणलं. थोडा वाळला होता, बाकी तोच. भुवईवरची खूण तीच, हसताना मान तिरकी करायची सवय तीच. मला म्हणाला, "भटूकाका, केस पिकले तुमचे." कुठं होता विचारलं तर म्हणाला, "काम करी राहिंथू." मग कोणी जास्त विचारलं नाही. आला हेच पुष्कळ होतं. मीही त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. देवीला कोनमापक लावायचं मला सुचलं नाही.

पुरुषांची पंगत बसली. तो आपणहून दीपक आणि विठ्ठलच्या मध्ये जाऊन बसला. रोट आले, भोपळ्याची भाजी आली, खीर आली. तो खाली बघून जेवायला लागला.

मी पानावरून उठलो. काठवट बाहेर आणून त्याला त्याचा तुकडा दाखवायचा, सगळ्यांसमोर सांगायचं की बघ, तुझी जागा ह्या लाकडानं राखली होती, असं माझ्या मनात होतं. स्वयंपाकघरात काठवट धुऊन भिंतीला उभी करून ठेवलेली होती. मी ती उचलली. ओल्या कड्यावरून बोट फिरवलं.

साग. बैठक. चौकट. आंबा.

मी थांबलो. पुन्हा फिरवलं.

दीपकला लागून विठ्ठल होता. मध्ये जोडाची एकच रेघ, नख शिरणार नाही अशी. मी मोजले. अकरा होते.

घेर तेवढाच होता. कुठं चीर नव्हती, लाकूड आकसलेलं नव्हतं.

बाभळीचा तुकडा ओट्यावर पिठाच्या फडक्याखाली सापडला. मी त्याच्या दोन्ही बाजू उजेडात धरून पाहिल्या. सरसाचा डागही नव्हता. आताच कापल्यासारखा कोरा होता.

बाहेर वहिनी त्याला आग्रह करत होती. "आखो एक ले, बेटा. तुना नावनी मूठ शे ती." आणि तो घेत होता.

मी तुकडा खिशात घातला. कोणाला तरी सांगावं म्हणून मान वळवली, तर मोरीपाशी योगिता उभी होती. ती मघापासून तिथंच असणार. पंगतीत वाढायला ती आलीच नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातल्या काठवटीचे तुकडे नजरेनं मोजले.

मग तिनं नळ बारीक सोडला, हाताला साबण लावला, आणि आवाज होऊ न देता हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवायला लागली.