एक नंबरची सीट

"कुणीही जागचं हलायचं नाही!" हवेलीचे व्यवस्थापक ओरडले, आणि इतका वेळ मुकाट उभी असलेली सहलीची वीस माणसं एकदम हलली.

हवेलीच्या वरच्या मजल्यावर काचेची एक पेटी होती. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून तिच्यावर जाड कापडाचं झाकण असे. सहलीच्या गाइडने बोलता बोलता ते उचललं, तर आत मखमलीवर नुसता खळगा. हस्तिदंतावर रंगवलेलं, तळहाताएवढं चित्र गायब होतं. कुलूप मात्र शाबूत.

अर्ध्या तासात चित्र सापडलं, आणि तेच वाईट झालं. ते सापडलं सहलीच्या बसमध्ये, एक नंबरच्या सीटसमोरच्या जाळीत. आज त्या सीटवर गाइड बसली होती.

"म्हणूनच सकाळी मला तिथे बसू दिलं नाही हिने!" मुख्याध्यापिकाबाई कडाडल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीतच होता.

गाइडचं तोंड पांढरंफटक पडलं. तिची ही पहिलीच सहल. कंपनीच्या साहेबांनी फोनवरच सांगून टाकलं, "माइक ड्रायव्हरकडे द्या." तासाभरात पोलीस येणार होते. एकदा चोरीचा डाग लागला की कुठल्या हवेलीच्या दारात तिला उभं करणार?

भाऊजींना स्वस्थ बसवेना. चहाच्या खोलीत ते खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. सकाळपासून त्या पोरीने त्यांचा चष्मा दोनदा शोधून दिला होता.

"वहिनी, अहो, काहीतरी करा ना!"

"आधी तुम्ही बसा. तुमच्यामुळे मला गरगरतंय," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. भाऊजींच्या थोरल्या भावाला बस लागते, म्हणून सहलीला सोबत धाकट्या दिराची. वहिनींची बुद्धी तलवारीसारखी चाले. भाऊजींची बैलगाडीसारखी, पण पोचायची.

आधी बोलावलं गाइडला.

"तुम्ही सगळे चहा घेत होतात तेव्हा मी पुढे जाऊन खोल्या बघून आले," ती म्हणाली. "तशी पद्धतच असते. मग माइक आणायला बसमध्ये गेले. पण मी पेटीला हात नाही लावला हो!"

"झाकण तर उचललंस."

"ते सगळ्यांसमोर. व्यवस्थापक म्हणाले होते, आज वेळ कमी आहे, त्या पेटीपाशी थांबू नका. पण लोक एवढ्या लांबून आलेत. मला राहवलं नाही."

"एक नंबरला का बसलीस?"

"काल ती सीट मिशीवाल्या काकांची होती. आज बाईंनी हट्ट धरला. दोघं हमरीतुमरीवर आले, म्हणून मीच तिथे बसले आणि बाकी सगळ्यांना दोन-दोन सीट मागे सरकवलं."

"माझी नऊची अकरा झाली," भाऊजी म्हणाले. "आणि इथे चहाच्या टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी मात्र नऊचीच! मी अकरा शोधत दुसऱ्याच्याच खुर्चीत बसलो. शोभा झाली."

वहिनींनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "भाऊजी, तुम्ही अधूनमधून सोनं बोलता."

आपण काय बोललो हे भाऊजींना कळलं नाही, पण ते खूश झाले.

ड्रायव्हर हात पुसत आला. "बसपाशी दोघंच आले होते बघा. ही ताई माइक न्यायला, आणि व्यवस्थापक साहेब काचेवर पार्किंगचा कागद चिकटवायला. मी खाली टायर बघत होतो. मग मी दार लावून घेतलं. नंतर मिशीवाले साहेब आले, म्हणे कालची गोळ्यांची डबी एक नंबरच्या जाळीत राहिलीय. मी काही उघडलं नाही. डबी कुठली? सगळ्या जाळ्या मी रोज संध्याकाळी रिकाम्या करतो."

मिशीवाल्या काकांना जुन्या वस्तूंचा नाद होता. ते आले ते घड्याळ बघतच.

"डबी?" ते म्हणाले. "हो, म्हणजे... वाटलं होतं राहिली असेल. पित्ताच्या गोळ्या."

"चहा घेताना ठीक होतात ना?"

"अर्धा कप तसाच टाकला यांनी," भाऊजी मध्येच म्हणाले. "व्यवस्थापक आमच्या टेबलाशी येऊन गेले आणि यांनी कपच खाली ठेवला. मी विचारलंसुद्धा, साखर कमी आहे का म्हणून."

काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते निघून गेले.

व्यवस्थापक मात्र उभ्या उभ्याच बोलले. "पेटीच्या किल्ल्या माझ्या ऑफिसात भिंतीवर असतात. त्या मुलीने घेतल्या असणार. दारावर प्रत्येक पाहुण्याची झडती होते, पिशव्या आत नेता येत नाहीत. पण गाइडला कोण तपासतंय!"

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला तपासतील?"

"टेबलांवरच्या चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"मीच. कंपनीने गेल्या आठवड्यात बसची यादी पाठवली होती, तिच्यावरून." त्यांना हा प्रश्न फुटकळ वाटला.

वहिनी उठल्या. "भाऊजी, सगळ्यांना बोलवा."

खोली भरली. बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

"ही मुलगी चोर असती," वहिनी म्हणाल्या, "तर वीस जणांसमोर तिने झाकण उचललं असतं का? नुसती पुढे गेली असती तर रात्रीपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. पेटीपाशी थांबू नका, असं सांगणारा माणूस वेगळा होता."

"वेळ कमी होता!" व्यवस्थापक म्हणाले.

"असेल. आता जाळीकडे या. एक नंबरला गाइड बसलीय, हे आज बसमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. सकाळी भांडणच तेवढं झालं होतं. पण एका माणसाला ते माहीत नव्हतं, कारण त्याच्याकडे यादी जुनी होती. त्याच यादीवरून त्याने आमच्या भाऊजींना नऊवर बसवलं. त्याच्या लेखी एक नंबर म्हणजे अजून मिशीवाले काका, त्या चित्राचं गिऱ्हाईक."

खोलीत चुळबूळ झाली.

"किल्ल्या व्यवस्थापकांच्या, झडती यांची नाही. आम्ही चहाला बसलो तेव्हा यांनी चित्र काढलं आणि पार्किंगचा कागद लावायच्या निमित्ताने बसमध्ये ठेवलं. स्वतःच्या घरी नेलं असतं, तर चोरी कळल्यावर पहिली झडती तिथेच झाली असती; काकांच्या हातात दिलं असतं, तर ते दारावरच सापडले असते. मग टेबलाशी येऊन काकांच्या कानात सांगितलं, तुमच्या सीटसमोर ठेवलंय. काकांच्या घशाखाली चहा उतरेना, कारण ती सीट आता त्यांची नव्हती. म्हणून ती डबी! रोज जाळ्या रिकाम्या होतात, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?"

"हे सगळं तर्कट आहे," व्यवस्थापक म्हणाले, पण ते बघत होते काकांकडे.

काका मटकन खाली बसले. "मी म्हटलं होतं, माझ्या हातात द्या म्हणून," ते पुटपुटले. "यांनीच नाही ऐकलं."

व्यवस्थापकांनी डोळे मिटून घेतले. दारात पोलीस उभे होते.

पोलीस दोघांना घेऊन गेले. गाइड भिंतीला टेकून हुंदके देत होती. वहिनींनी तिला रडू दिलं.

तेवढ्यात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज आता लोण्यासारखा झाला होता. "झालं गेलं विसरून जा. आज आराम करा, बदली गाइड पाठवतो."

"विसरणार नाही, सर," ती म्हणाली. "तुम्ही मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीत. बदली कुणी नको. या लोकांची बाग बघायची राहिलीय. ती मी दाखवणार."

मुख्याध्यापिकाबाईंनी हात पुढे केला आणि फोन सरळ काढून घेतला.

"अहो साहेब, ऐका. हिला सगळ्यांत आधी चोर मी म्हटलं. चूक माझी. मी सगळ्यांसमोर हिची माफी मागतेय, तुम्हीही मागा. आम्ही फोन ठेवत नाही."

एकोणीस माणसं त्या फोनभोवती गोळा झाली आणि वाट बघत उभी राहिली.