पाठीवरचा हात

हे माझ्या बाबतीत घडलं आहे. ऐकीव नाही.

"लहान बाळाची आई, झोप पुरी होत नाही, भास झाला असेल," असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यात पहिला माझाच नवरा. पण ज्या संध्याकाळी मला हे कळलं, त्या दुपारी मी लेकीच्या शेजारी चांगली घोरत पडले होते. ताप नव्हता. डोकं ठिकाणावर होतं.

लिहायला सलग वेळ मिळत नाही. ती झोपली की चार ओळी, उठली की बंद. तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

लग्नाआधी मी जाहिरातींची गाणी गायचे. साबण, पंखे, बिस्किटं... तुम्हीही कधीतरी माझा आवाज ऐकला असेल. नाव कुणालाच ठाऊक नसतं. मग गुंडी झाली. डोळे शर्टाच्या गुंडीसारखे गोल, म्हणून घरात तिचं हेच नाव पडलं. सिझर झालं. टाके भरले, पण आवाज काही परत आला नाही. वरचा सूर लावायला गेले की पोटात जोरच नसायचा. फुग्यातली हवा जावी तसा आवाज फुस्स.

"आता काय, अंगाईपुरता आहे ना, झालं," नवरा म्हणाला.

गमतीनेच म्हणाला. मला मात्र लागलं. लहानपणापासून मला एवढं एकच येत होतं. तेही गेलं तर आपण कोण, हे मलाच कळेनासं झालं होतं.

म्हणून जवळच्या संगीताच्या कॉलेजात शिकवणी लावली. तिथे संध्याकाळी बाहेरच्यांनाही एकेकटं बसवून शिकवायचे. सिनेमातली, जाहिरातींतली गाणी माइकवर कशी गायची, ते.

सासूबाई म्हणाल्या, "जा तू खुशाल. तू नसलीस की पोरगी जास्त शहाण्यासारखी वागते."

खोली लहानशी. भिंतींना काळा स्पंज, जाड दार, कीबोर्ड, माइकचा स्टँड, कोपऱ्यात स्पीकर. दार लागलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा थांबायचा. स्वतःचं आवंढा गिळणंसुद्धा ऐकू यायचं.

मॅडम पन्नाशीच्या, किडकिडीत, जिभेला धार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "खांदे का वर नेतेस? सूर काय माळ्यावर ठेवलाय?"

मग स्वतःच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, हात ठेवून दाखवलं. "श्वास इथे यायला हवा. इथे फुगलं पाहिजे. आता डोळे मीट आणि गा."

मॅडम स्पीकरवर नुसतं संगीत लावायच्या. मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून गायचे. मॅडम खोलीभर फिरत ऐकायच्या. पायांत मोजे, त्यामुळे चाहूल लागायची नाही.

तिसरी का चौथी शिकवणी असेल. मी गात होते. आणि...

पाठीवर हात आला.

बरोबर तिथेच. कमरेच्या जरा वर. सपाट तळवा. कुर्त्यातूनही गार लागत होता, पण मला बरं वाटलं. तळव्याने किंचित दाबलं, म्हणजे श्वास इथे घे. मी घेतला. तळवा तसाच राहिला, म्हणजे थांब, सोडू नकोस. आणि सूर लागला. असा लागला की माझेच डोळे भरून आले.

गाणं संपलं तेव्हा मॅडम स्पीकरपाशी उभ्या होत्या. "बघ, आहे की तुझ्यात," म्हणाल्या.

पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही. मी त्या हाताची वाट बघायला लागले.

जुन्या स्टुडिओला फोन करून "मी परत गातेय" असंही सांगून टाकलं. त्यांनी लगेच काम दिलं. बाळाच्या तेलाची जाहिरात. बाळंतपणानंतरचं पहिलं काम. रेकॉर्डिंग गुरुवारी.

आणि त्याआधीचा तो मंगळवार.

दिवेलागणीची वेळ होती. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. मग तीही बंद झाली.

"मरू दे तो, मीच वाजवते," म्हणत मॅडम कीबोर्डवर बसल्या. मी भिंतीकडे वळले. डोळे मिटले.

कीबोर्ड सुरू झाला. पाठीवर हात आला. मी श्वास घेतला, सूर लावला. दोन ओळी झाल्या...

आणि माझ्या लक्षात आलं.

कीबोर्ड वाजत होता.

खालचे जाड सूर डाव्या हाताचे, वरचे नाजूक उजव्या हाताचे. दोन्ही हात. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

आणि पाठीवर हात होता.

माझा सूर तुटला नाही. आजही याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मला थांबायचं होतं. तळवा दाबून राहिला होता, आणि माझ्या तोंडातून आवाज निघत होता... निघतच होता...

शेवटी मॅडमनी वाजवणं थांबवलं.

पाठीला चिकटलेला कुर्ता हळूच सुटला. कुणी हात काढून घेतल्यावर सुटतो, तसा.

"एवढा श्वास कुठून आणलास गं?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलात ना. पाठीवर हात ठेवून."

"कुणाचा हात?"

"तुमचा. दर वेळी ठेवता तो."

"मी शिकवताना कुणाला हात लावत नाही. काय दाखवायचं ते स्वतःच्या अंगावर दाखवते."

माझा हात आपोआप पाठीकडे गेला.

"गार असतो का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"आधी बाहेर चल."

कीबोर्ड बंद न करताच त्या उठल्या. बाहेर दिव्याखाली आल्यावर म्हणाल्या, "तुझ्याआधी एक मुलगी यायची. एकदा म्हणाली, मॅडम, तुमचे हात एवढे गार कसे? मला वाटलं, चेष्टा करतेय."

"मग?"

"फार छान गायला लागली. मग यायचीच बंद झाली. मी फोन केला तर घरचे म्हणाले, आता आमच्या घरात कुणी गात नाही. परत फोन करू नका."

"पण का?"

"ते कळलं असतं तर तुला त्या खोलीत उभी केली असती का?"

मी निघाले. जिन्यापर्यंत पोचले असेन, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"तुझं बाळ केवढं आहे?"

"सात महिन्यांची आहे."

"थोडे दिवस तिच्याजवळ गाऊ नकोस."

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. "पाठीत उसण भरली असेल," तो म्हणाला. "आणि मॅडमना सांग, फी वाढवायची तर सरळ वाढवा, मध्ये भुतं कशाला?" पण झोपताना खोलीतला दिवा त्याने चालू ठेवला.

कॉलेजात परत पाऊल टाकायचं नाही, हे मी ठरवलं. जे काही आहे ते त्या खोलीत आहे, खोलीतच राहील, अशी मनाची समजूत घातली. आणि गुरुवारी रेकॉर्डिंगला गेले.

पहिल्यांदा गायले. फुस्स.

दुसऱ्यांदाही फुस्स.

काचेपलीकडे जाहिरातवाले दोघं आपसात काहीतरी बोलले. एकाने घड्याळाकडे पाहिलं. हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "ताई, घाई नाही. पाणी घ्या." इतक्या मऊ आवाजात बोलला की मला कळून चुकलं. हे काम गेलं तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

मी डोळे मिटले. आणि मनातल्या मनात म्हटलं...

ये.

लगेच आला. लांबून यावं लागलंच नाही त्याला.

गाणं एका दमात झालं. काचेपलीकडे सगळे हसले. रेकॉर्डिस्ट तेवढा हसला नाही. हेडफोन कानावर दाबून ऐकत होता.

"ताई, आत एकट्याच आहात ना?"

"हो."

"श्वास दोन येतायत. एक तुमचा, आणि एक तुमच्या जरा आधी." त्याने तेवढा तुकडा पुन्हा लावून ऐकला. "असू दे. काढून टाकतो मी."

घरी आले. जिना चढून वर पोचले. सासूबाईंनी दार उघडलं, एकदम खुशीत.

"आज तुझी लेक गायली बरं का."

"ओरडली असेल, आई."

"ओरडणं मला कळत नाही होय? दोन पोरं वाढवलीत मी. अगं, झोपेतच 'आ' लावला तो सोडेचना. म्हटलं, निळी पडते की काय आता. बघते तर चेहरा अगदी शांत."

"कधी?"

"आत्ताच. तू जिना चढत असशील."

मी चप्पल न काढताच आत गेले.

गुंडी पालथी झोपली होती. गाल चुरगळलेला, मुठी आवळलेल्या. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. अंगात पातळ झबलं...

झबलं पाठीवर दबलेलं होतं.

मधोमध सपाट. कडेला पाच लांबट खळगे. तिची पाठ ती केवढी. त्या तळव्याखाली ती सगळी मावली होती.

पाठ त्या दाबाखाली फुगली. फुगतच गेली. आणि माझ्या लेकीने डोळे न उघडता तोंड उघडलं...

एक सूर निघाला. लांब, सरळ, जराही न थरथरणारा. एवढ्याशा छातीत एवढा श्वास मावत नाही. मला माहीत आहे. इतके दिवस मी तेच तर शिकत होते.

मी झडप घालून तिला उचललं. ती दचकून जागी झाली आणि रडायला लागली. भोकाड पसरलं, नाक वाहायला लागलं, अगदी साधं बाळाचं रडणं. मी ते रडणं ऐकत तिला छातीशी धरून बसून राहिले.

तेव्हापासून मी गात नाही. अंगाईसुद्धा नाही. तेलाची ती जाहिरात लागली की सासूबाई उठून टीव्हीचा आवाज बंद करतात. का, ते विचारत नाहीत. तो 'आ' त्यांनीही ऐकलाय. स्टुडिओचे फोन येतात, मी घेत नाही. आवाज गेला तर गेला. लेक राहू दे.

ती झोपली की मी तिच्या पाठीवर माझा हात ठेवते. जागा रिकामी राहायला नको म्हणून. मी दमले की सासूबाई ठेवतात, रात्री नवरा ठेवतो. आता तोही चेष्टा करत नाही.

आत्ताही माझा डावा हात तिच्या पाठीवर आहे. उजव्याने हे लिहितेय.

मघाशी मला डुलकी लागली असेल, असं लिहिणार होते. पण लागली नव्हती. मी जागी होते. माझा हात तिच्या खांद्यांच्या मध्ये होता, आणि त्यावर काहीतरी टेकलं...

गार. सपाट.

त्यात राग नव्हता. नवशिक्याचा हात धरून शिकवतात ना, तसं होतं ते.

माझा हात हळूच खाली सरकवला गेला. कमरेच्या जरा वर. बरोबर जागी.

तो मी तिथून हलवलेला नाही. काढला तर तिथे कुणाचा येईल, हे मला ठाऊक आहे.

गुंडीने आत्ता श्वास आत घेतलाय. मोठा. माझ्या तळव्याला कळतंय.

ती तो कधी सोडते, त्याची मी वाट बघतेय...