पांढरीला ठाऊक नसलेला शब्द

घाटाच्या शेवटच्या वळणावर पांढरी पुन्हा अडली.

शाल्मली वरच्या कठड्यापाशी उभी राहून पाहत होती. गाडीची पुढची दोन चाके जागच्या जागी गरगरत होती, तांबडी माती मागे उडत होती; आणि मागची दोन चाके मात्र, या धडपडीशी आपला काही संबंधच नसल्यासारखी, निमूट उभी होती. मग मोटर थांबली. उडालेली धूळ सावकाश खाली आली आणि करवंदीच्या पानांवर बसली.

उंबरसडा हे गाव कातळाच्या उंच पठारावर होते. गावाला दोन वाड्या, एक देऊळ आणि वर येणारा हा एकच घाटरस्ता. आठवड्यातून दोनदा पांढरी त्या रस्त्याने वर येई. ती फिरता दवाखाना होती. तिच्या पोटात डायलिसिसचे यंत्र होते (मूत्रपिंडे नीट काम करीनाशी झाली की रक्तातली घाण बाहेर गाळून काढणारे यंत्र). त्या यंत्राच्या खाटेवर दर फेरीला शाल्मलीचे आजोबा झोपत.

"पांढरे, काय झालं गं तुला?" चालक दमयंतीमावशींनी खाली उतरत विचारले.

"मला कोणताही दोष आढळत नाही," गाडी तिच्या स्वच्छ, एकसुरी आवाजात म्हणाली.

"दोष नाही, तर मग चढ की!"

"चढण्याचा प्रयत्न केला. दोष आढळत नाही."

"ऐकलंस, शालू?" मावशींनी वर पाहिले. "अगदी माझ्या धाकट्या दिरासारखी आहे ही. काम तडीला जात नाही, आणि चूकही कबूल नाही."

शाल्मली हसली, पण मावशी हसल्या नाहीत. त्या कठड्याला टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. तासाभराने त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, तेव्हा पांढरी काही घडलेच नसल्यासारखी ते वळण चढून आली.

गाडी वर पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते. आजोबा खाटेवर आडवे झाले, नळीतून त्यांचे रक्त यंत्राकडे निघाले. त्यांचा चेहरा उन्हात राहिलेल्या कागदासारखा झाला होता.

"थकलात का, आजोबा?"

"छे, ठणठणीत आहे मी," ते म्हणाले. ते नेहमी हेच म्हणत.

त्यांचे डोळे मिटले, तेव्हा मावशींनी शाल्मलीला दाराशी बोलावले. "तुझी आई शेतावरून आली की सांग तिला. आज आपल्यामुळे पुढच्या दोन गावांची फेरी बुडाली. तिथली माणसंही वाटच पाहत असतात ना! वरिष्ठांचा निरोप आहे, परवा गाडी पुन्हा अडली तर ही चढण बंद. मग आजोबांना खाली शहरातल्या रुग्णनिवासात राहायला जावं लागेल."

"किती दिवस?"

मावशी शाल्मलीच्या केसांतली धूळ झटकत राहिल्या.

खाटेवरून आवाज आला, "उद्या गाडी इथेच आहे ना, दमयंती?" आजोबा झोपले नव्हते. "मग उद्या पाहू."

आजोबांनी उभे आयुष्य पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चाकांचा अभ्यास करण्यात घालवले होते. त्यांनी आखलेली चाके आता चंद्रावरच्या मातीत फिरत होती. स्वतः त्यांना मात्र अंगण ओलांडतानाही मध्ये एकदा थांबावे लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीने त्यांची खुर्ची देवळापुढच्या सहाणेजवळ नेऊन ठेवली. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा दगडी चौथरा. त्याच्या भोवती सपाट पटांगण होते, आणि कडेला भुसभुशीत मातीचा एक चढ.

"कोडं सोडवताना आधी काय करायचं?" आजोबांनी विचारले.

"काय बिघडलंय ते शोधायचं."

"नाही. आधी काय बिघडलेलं नाही, ते पाहायचं. तेवढी जागा शोधातून कमी होते."

मग त्यांनी सावकाश, मध्ये श्वास घेत, समजावून सांगितले. पांढरीची मोटर पुढच्या चाकांना फिरवते. मोटरपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा जातो, आणि त्या दांड्याच्या वाटेत क्लच असतो (एकमेकींना लागून बसवलेल्या चकत्यांची जोडणी, चकत्या दाबल्या की ताकद पलीकडे पोहोचते, सैल सोडल्या की पोहोचत नाही). सपाट रस्त्यावर मागच्या चाकांची फारशी गरज पडत नाही, म्हणून चकत्या अगदी हलक्या दाबलेल्या असतात. पण चढावर जोर लावला की गाडीचा भार मागे झुकतो, पुढची चाके हलकी होऊन घसरू लागतात. त्या क्षणी गाडीचा संगणक चकत्या घट्ट दाबतो आणि मागची चाके ढकलू लागतात.

"काल ती ढकलत नव्हती," शाल्मली म्हणाली.

"म्हणून पाहू या."

मावशींनी क्लचमधले तेल तपासले. ते पुरेसे होते. तारा तपासल्या, त्या शाबूत होत्या. मग त्यांनी गाडी भुसभुशीत चढावर नेली आणि एकदम जोर दिला. मागच्या चाकांनी तत्काळ माती पकडली, पांढरी झपकन वर आली.

"बघा! आता कशी शहाण्यासारखी वागते," मावशी वैतागून म्हणाल्या. "तपासणीवाल्यांसमोरही हेच करते. मलाच खोटं पाडते."

शाल्मली विचार करीत राहिली. सकाळी चाके ऐकतात, घाटाच्या माथ्यावर ऐकत नाहीत. तासभर थांबले की पुन्हा ऐकतात. सकाळ आणि घाटमाथा यांच्यामध्ये असते तरी काय? असतो तो नुसता घाट. ती स्वतः पायथ्यापासून चालत यायची, तेव्हा त्याच वळणाशी तिचे पाय गळून जात.

ती गाडीजवळ गेली. "पांढरे, काल तू दमली होतीस का?"

"हा शब्द माझ्याकडे नाही," गाडी म्हणाली. "माझ्याकडे दोन अवस्था आहेत. सुस्थिती आणि बिघाड."

आजोबा खुर्चीत ताठ झाले. "शालू, तिला असं विचार, काल वळणावर तुझा कोणता भाग फार गरम होता?"

शाल्मलीने विचारले.

"मागच्या चाकांचा क्लच," पांढरी लगेच म्हणाली. "उष्णता मर्यादेपलीकडे गेली होती. चकत्या जळू नयेत म्हणून मी त्या सैल सोडल्या. निवल्यावर पुन्हा दाबल्या. हे संरक्षण आहे, बिघाड नाही. म्हणून कळवले नाही."

मावशी कपाळावर हात मारून खाली बसल्या. "अगं बाई! एवढे महिने मी तुला विचारतेय!"

"आपण दोष विचारला होता."

आजोबा हसले, पण त्या हसण्याला एक बारीक कड होती. "खरं आहे तिचं. दमणं हा दोष नव्हे. पण आपण दमलो आहोत हे सांगता न येणं... असो. आता पुढचा प्रश्न. दमली कशानं? हा घाट तर ती पूर्वीही चढायची."

"दसऱ्यापर्यंत अगदी सुरळीत चढायची," मावशी म्हणाल्या.

दसरा म्हणताच शाल्मलीची नजर चाकांकडे गेली. पुढचे टायर काळेभोर होते, त्यांच्या खाचा खोल होत्या. मागचे टायर करडे पडले होते.

त्यामागे गावाची रीत होती. उंबरसड्याच्या पालखीचा पुढचा दांडा वरच्या वाडीचा आणि मागचा खालच्या वाडीचा, हा मान फार जुना. पांढरी गावात आली तेव्हा गावाने तोच मान तिलाही लावला होता. पुढची चाके वरच्या वाडीची, मागची खालच्या वाडीची. गेल्या दसऱ्याला वरच्या वाडीची पाळी होती. त्यांनी गाडीला झेंडूचे तोरण बांधले, नारळ वाढवला आणि पुढे दोन कोरे टायर चढवले. खालच्या वाडीची पाळी येत्या दसऱ्याला.

"आजोबा, नवा टायर मोठा असतो का?"

"मला विचारू नकोस. चाकालाच विचार."

शाल्मलीने घरून चुना आणला. पुढच्या आणि मागच्या चाकावर, जमिनीला टेकतात तिथेच, एकेक पांढरी रेघ ओढली. मावशी पटांगणातून गाडी अगदी सावकाश नेऊ लागल्या आणि शाल्मली बाजूने चालत रेघा पाहू लागली. आरंभी दोन्ही रेघा एकदमच जमिनीला टेकत होत्या. पण पटांगण संपत आले, तेव्हा मागची रेघ आधी टेकून वर निघालेली असे आणि पुढची मागाहून टेके. मग तिने सुतळीने चाकांचे घेर मोजले. झिजलेल्या मागच्या टायरचा घेर बोटाच्या पेराएवढा कमी होता.

"एवढाच?" तिला निराशा वाटली. "एका पेरानं काय होणार?"

"पालखी उचलताना पुढच्यांनी पाऊल लांब टाकलं आणि मागच्यांनी आखूड, तर?"

"दांडा ओढला जाईल. खांदे सोलतील." ती थबकली. तिला आता दिसू लागले. "मागचं चाक लहान, म्हणून त्याला तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घ्यावे लागतात. पुढचं वेगळ्या वेगानं फिरणार, मागचं वेगळ्या. आणि मधल्या चकत्या..."

"एकमेकींवर घासत राहणार," आजोबा म्हणाले. "दोन्ही टोकांचं भांडण मधल्याच्या अंगावर. एका फेऱ्याला पेरभर. पण घाट चढेपर्यंत असे हजारो फेरे होतात. घर्षणानं उष्णता वाढत जाते. वळणाशी जोर हवा असतो, आणि नेमकं तेव्हा सगळं बळ त्या भांडणात सरलेलं असतं." त्यांनी दूरच्या डोंगराकडे पाहिले. "मोठ्या धक्क्यानं कोणी क्वचितच मोडतं, शालू. रोजच्या पेरभर ओढाताणीनंच थकायला होतं."

कारण सापडले, पण उद्याच्या फेरीचे संकट तसेच होते. चारही चाके सारख्या घेराची हवीत, असे कळताच दोन्ही वाड्यांचे मानकरी सहाणेपाशी जमले.

"मग मागचेही आम्हीच घालतो की," वरच्या वाडीचे विश्रामदादा म्हणाले.

"वा! म्हणजे मागचा दांडाही तुमचाच?" खालच्या वाडीच्या जनीकाकी पदर खोचत म्हणाल्या. "पुढे राहून राहून तुमची मान आखडलीय, विश्राम. मागं वळून बघायला होत नाही."

"काकी, गाडीचं बोलतोय मी!"

"मीही गाडीचंच बोलतेय!"

"आणि तसंही," मावशी मध्ये पडल्या, "नवे टायर उद्यापर्यंत घाटावर येणार कसे? मागवून यायलाच आठवडा जातो."

आजोबांची मान छातीवर झुकली होती. शाल्मलीला शहरातले ते रुग्णनिवास दिसले. तिथल्या खिडकीशी अनोळखी खाटेवर बसून कोणाला तरी "ठणठणीत आहे मी" असे सांगणारे आजोबा दिसले. तिने नजर वळवली. देवळामागच्या फणसाला दोन झोपाळे टांगलेले होते. त्यांतला डावीकडचा तिचा होता. शाळा सुटल्यावर ती त्यावर बसून आभाळाकडे पाय नेई.

झोपाळे टायरचे होते.

"विश्रामदादा," तिने विचारले, "पुढचे जुने टायर झिजले होते म्हणून काढले का?"

"नाही गं. पाळी आली म्हणून काढले. चांगले होते, म्हणून तर पोरांना दिले."

"म्हणजे मागच्या टायरांबरोबरच ते आले होते. पुढची चाकं जोर लावतात, म्हणून ते आधीच जास्त झिजले असतील; मागचे दसऱ्यानंतर झिजून आता तेवढेच झाले असतील."

आजोबांनी मान वर केली. "सुतळी आण."

दोन्ही झोपाळे उतरवले गेले. आजोबांनी टायरांच्या कडा बोटांनी चाचपल्या, कुठे चीर नाही ना, दोराने कापले नाही ना, ते पाहिले. शाल्मलीने सुतळी गुंडाळली. तिचे टोक मागच्या टायरच्या मापाशी तंतोतंत येऊन टेकले. तिने वर पाहिले, तर फणसाची मोकळी फांदी वाऱ्याने हलत होती. तिला थोडे वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे तिने तसेच राहू दिले.

जनीकाकींनी हात झटकले. "म्हणजे पुढं वरच्या वाडीचेच, मागं आमचेच. मग माझी काय तक्रार? पण येत्या दसऱ्याला चारही एकदम बदलायचे, विश्राम. दोन तुम्ही, दोन आम्ही, एकाच दिवशी."

"पाऊल एक ठेवायचं, एवढंच ना? ठेवू की," विश्रामदादा म्हणाले.

झोपाळ्यांचे टायर गाडीच्या पुढच्या चाकांवर चढले. संध्याकाळी आजोबा बराच वेळ गाडीच्या संगणकापुढे बसले होते. काय करता, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तिला एक शब्द शिकवतोय."

दुसऱ्या दिवशीच्या फेरीला सगळे गाव कठड्याशी उभे होते. सकाळी खाली गेलेली पांढरी घाटातून वर येताना दिसली. शेवटच्या वळणाच्या अलीकडे मात्र ती आपणहून थांबली, आणि शाल्मली कठड्यावरून खाली वाकली. पण लगेच खालून तो स्वच्छ आवाज ऐकू आला.

"मी थोडी थकले आहे. क्लच गरम होतो आहे, मर्यादेच्या आत आहे. जरा थांबून निघू."

"थांब की, बाई. सांगितलंस हेच पुष्कळ," मावशी म्हणाल्या.

गाडी थोडा वेळ थांबली. मग मोटर घुमली, पुढची चाके किंचित घसरली, आणि त्याच क्षणी मागच्या चाकांनी माती पकडली. चारही चाके एका पावलाने वळण चढून आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांनी नुसता सोडलेला श्वास शाल्मलीला ऐकू आला.

दुपारी आजोबा खाटेवर पडले होते. यंत्र मंद घरघरत होते. बाहेर कातळावर ऊन पसरले होते.

"आजोबा, चंद्रावरच्या तुमच्या गाड्यांना हा शब्द येतो का?"

"नाही. आम्हाला सुचलाच नाही. तो तू त्यांना शिकव, मोठी झालीस की."

शाल्मलीने त्यांचा हात हातात घेतला. तो हलका होता. "आणि तुम्ही? थकलात का?"

आजोबांचे ओठ सवयीने उघडले. मग ते थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिले.

"हो गं," ते म्हणाले. "फार थकलोय. जरा बस माझ्याजवळ."

ती त्यांच्या उशाशी बसली. त्यांनी डोळे मिटले, आणि या खेपेला त्यांना खरोखरच झोप लागली.