तिथीची पाऊणपट

कुकरचं झाकण दुरुस्त करायला म्हणून मी लष्कर मोहल्ल्यात गेले होते. प्रेमात पडायला कुणी तिथे जात नाही. निदान सदुसष्टाव्या वर्षी तरी नाही.

भांड्यांना डाग देणाऱ्याच्या दुकानात माझ्याआधी एक गृहस्थ उभे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पिकलेले दाट केस, आणि हातवारे असे की जणू हवेत शेवया लोंबकळत ठेवतायत. दुकानदाराने त्यांच्यापुढे आधी घड्याळाचा लंबक ठेवला, मग दाराची कडी, मग गवंड्याचा ओळंबा.

"हां! हां! असंच," गृहस्थ ओरडले. "पण छोटं. एवढुसं!"

दुकानदाराने कन्नडमध्ये विचारलं, बांधकाम कुठे चाललंय?

"अरे बाबा, मला मासे धरायचेत, इमारत नाही बांधायची..." ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले, आणि मला हसू फुटलं.

त्यांनी वळून पाहिलं. मी पदराने तोंड झाकलं, पण उशीर झाला होता.

"मराठी?" ते म्हणाले. किती आशेने म्हणाले!

"होय की. पाच पिढ्या इथंच आहोत," मी म्हटलं. "मासे कुठं धरणार ओ तुम्ही? मैसुरात?"

"समुद्रात."

"अय्यो! समुद्र कुठाय इथं?"

"तीनशे किलोमीटरवर."

"एवढ्या जवळ होय..."

ते हसले. डोळ्यांच्या कडेला तीन-तीन रेघा उमटल्या. एवढं मी का पाहिलं, माहीत नाही. मी दुकानदाराला समजावलं – शिशाची वजनं हवीत, गळाला बांधायला, सुपारीएवढी, बारा. माझं काम तिथेच संपायला हवं होतं.

तिथेच ते सुरू झालं.

*

त्यांचं नाव उपेंद्र मिठबावकर. देवगडच्या बाजूचे. वडील होडीवर जायचे. हे मात्र सतराव्या वर्षी पुण्याला टेलिफोन खात्यात लागले आणि चाळीस वर्षं तारा जोडत राहिले. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी गुंजन मैसूरला नोकरीला, तिच्याबरोबर शहरातल्याच हिनकल भागात राहायचे. लहानपणी वडिलांबरोबर गरवायला जायचे, म्हणजे हातात दोर धरून, गळ टाकून मासे धरायला. त्यानंतर बावन्न वर्षं एकदाही नाही. आता एकदा जायचं होतं. लहान होडी, खुला समुद्र, एक दिवस.

उडुपीजवळच्या एका खाडीकाठी पद्मनाभ नावाचा होडीवाला त्यांनी शोधला होता. पण पद्मनाभला मराठी येईना आणि ह्यांना कन्नड. म्हणून दर गुरुवारी हे बसने बन्नीमंटपला माझ्या घरी यायचे, हातात यादी घेऊन, आणि फोनवर मी बोलायची.

ती यादी! मी छत्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, पण एवढी खाडाखोड कुठल्या वहीत पाहिली नाही. एका गुरुवारी बर्फ दहा किलो, पुढच्या गुरुवारी पंधरा. दोर हात पसरून मोजलेले शंभर वाव की दीडशे? आमिषाला कोळंबी की बांगड्याचे तुकडे? माझ्या शाकाहारी स्वयंपाकघरात, माझ्या फिल्टर कॉफीसमोर बसून हा माणूस विचारायचा, "नागरत्नाबाई, तुम्हाला काय वाटतं, कोळंबी सोलून लावावी की तशीच?"

"मला वाटतं तुम्ही कॉफी प्यावी."

"गोड नाहीये."

"माझ्याकडं साखर कमीच असते."

"तुमच्या बोलण्यातही..." ते कपात बघत म्हणायचे, आणि पुन्हा यादीवर!

असंच दर वेळी. एक वाक्य असं टाकायचे की माझ्या हातातला चमचा थांबायचा. आणि मी काही म्हणेपर्यंत बर्फाकडे वळलेले असायचे. चीड यायची मला. माणसाने एक तर टाकू नये, किंवा टाकलं तर दोर हातात धरून बसावं.

एकदा यादी टेबलावर राहिली आणि मी ती वाचली. सहा – बर्फ. सात – नागरत्नाबाई (कन्नड). आठ – गळ, मोठे व मध्यम.

बर्फ आणि गळाच्या मध्ये मी. कंसात कन्नड!

त्या गुरुवारी मी कॉफी अगदी पाणचट केली. त्यांनी ती निमूटपणे प्यायली, ह्याचाच जास्त राग आला.

*

दसरा झाला, मशालींची कवायत झाली, बन्नीमंटपचं मैदान रिकामं झालं. एका सकाळी फिरायला गेले तर हे तिथे गवतात उभे राहून दोर फेकण्याचा सराव करत होते. भुरभुर पाऊस. फिरणारी माणसं लांबून वळसा घालून जात होती.

"लोक हसतात ओ!"

"हसू देत. बावन्न वर्षांत हात विसरला की काय, बघायला नको? तुम्ही तिथेच थांबा... बघा आता."

त्यांनी दोर गरगर फिरवला, सोडला, आणि शिशाचं वजन सुंदर कमान घेऊन माझ्या छत्रीवर आलं. गळ कापडात रुतला. त्यांनी घाईने ओढला. टर्रर्र...

ती छत्री साधी नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेत अनंतकृष्ण नावाचे शास्त्राचे मास्तर होते. दोन वर्षं शाळेपासून बसथांब्यापर्यंत आम्ही एका छत्रीतून चाललो. ते पावसाबद्दल बोलायचे, परीक्षेबद्दल बोलायचे... मी वाट बघायची. मग शिवमोग्याला बदली झाली. शेवटच्या दिवशी म्हणाले, "छत्री तुमच्याकडेच असू दे." आणि बस आली. एवढंच. मीही काही बोलले नाही म्हणा. तेव्हापासून दोनदा कापड बदललं, दांडा तोच ठेवला.

हे सगळं मी उपेंद्ररावांना का सांगितलं? रागात सांगितलं. फाटकी छत्री हातात धरून, भर मैदानात.

ते ऐकत राहिले. मग छत्री माझ्या हातातून घेतली. पुढच्या गुरुवारी परत आणली तेव्हा फाटलेल्या जागी बारीक, एकसारख्या गाठींची वीण होती. जाळं सांधतात तशी.

"बाबांनी शिकवलेली," ते म्हणाले. "ही वीण सुटत नाही." थोडं थांबले. "एक मात्र सांगतो, त्या मास्तरांना..."

"काय?"

"...काही नाही. दोर दीडशे वावच घेऊ."

देवा!

*

गुंजनचा फोन आला तो दिवाळीत. "मावशी, बाबांनी सांगितलं ना? माझी पुण्याला बदली झाली. डिसेंबरात निघतोय आम्ही."

बाबांनी सांगितलं नव्हतं. बाबांनी मला बर्फ फोडायचा टोचा कुठे मिळेल हे विचारलं होतं.

तर असं होतं. दुसऱ्यांदा बदली, दुसऱ्यांदा बस. फरक एवढाच की ह्या वेळी मला एक दिवस मिळणार होता, होडीतला. दिवसही त्यांनी ठरवला तो द्वादशी.

"द्वादशीला तुळशीचं लग्न असतं आमच्याकडं," मी म्हटलं.

"आमच्याकडे पौर्णिमेपर्यंत चालतं. आल्यावर लावू."

लावू! त्यांचे कान लाल झाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले – बोला, बोला...

"भरती," ते म्हणाले. "द्वादशीला भरती बरोबर नऊला."

त्याचा हिशेब त्यांच्या वडिलांचा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. बारा तिथी, पाऊणपट नऊ. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी होती, भरतीच्याच पाण्यात होडी तिच्यावरून पार व्हायची, म्हणून वेळ महत्त्वाची. मी पद्मनाभला फोन लावला. तो म्हणाला, आठच्या आत निघायचं, नंतर पाणी उतरतं.

"होडीवाले सगळे असेच," उपेंद्रराव म्हणाले. "उगाच घाई करतात. बाबांचा हिशेब कधी चुकला नाही."

मी कागदावर गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. मी फोनवर ठासून सांगितलं, साडेआठच्या आधी आम्ही येणार नाही. खरं तर मी गणिताची बाजू घेत नव्हते. पण ते तेव्हा कबूल केलं नसतं.

"निम्म इष्ट," पद्मनाभ म्हणाला. तुमची मर्जी.

*

रात्रीच्या बसने निघून साडेआठला खाडीकाठी पोहोचलो. मग यादी! एकेक वस्तू वाचायची, दाखवायची, खूण करायची. "सात – नागरत्नाबाई," ते वाचून थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच खूण केली. निघायला पावणेदहा झाले. पद्मनाभ आकाशाकडे बघत होता, बहुतेक देवाशी बोलत होता.

पाणी चकचकत होतं. माड मागे सरकत होते. वाऱ्यात मीठ होतं, माझा पदर एका हातात मावेना. समोर समुद्राची निळी रेघ दिसू लागली, आणि उपेंद्ररावांचा चेहरा... सतरा वर्षांच्या मुलाचा झाला.

तेवढ्यात होडीच्या पोटाखाली खर्रर्र आवाज झाला. होडी थांबली. एका अंगावर कलली.

पद्मनाभने इंजिन बंद केलं. खाली उतरला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. त्याने मला फक्त दोन वाक्यं सांगितली आणि ती मी तशीच मराठीत उपेंद्ररावांपुढे ठेवली. "इथं भरती तुमच्या गावाच्या तासभर आधी येते म्हणतात. आता संध्याकाळी सहापर्यंत होडी हलणार नाही."

गुणाकार बरोबर होता. समुद्र दुसरा होता.

"म्हणजे बाबांचा हिशेब..." उपेंद्ररावांचा आवाज पार बसला.

"बाबांचा हिशेब बाबांच्या गावाला!" माझा तोल गेला. "तीन महिने! तीन महिने मी बर्फ, दोर, कोळंबी ऐकतेय! घरी तुळस बोडकी उभी आहे, तिला नवरा म्हणून आवळ्याची फांदीसुद्धा मिळाली नाही, आणि मी इथं चिखलात! समुद्र तो बघा, हाकेवर! तुम्हाला एक गोष्ट वेळेवर करता येत नाही... एकही!"

पद्मनाभ पाण्यातून चालत किनाऱ्याकडे निघाला होता. माझ्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना तो चिखल जमणार नव्हता, म्हणून आम्ही होडीतच. त्याने वळून ओरडून विचारलं, काय आणू? मी भाषांतर करायला तोंड उघडलं.

"एरडु टी!" उपेंद्रराव ओरडले. "अवरिगे सक्करे कम्मि!"

दोन चहा. त्यांना साखर कमी.

उच्चार भयंकर होता. पण कन्नड होतं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. बसच्या कंडक्टरकडून शिकतो... थोडं थोडं."

"म्हणजे पद्मनाभशी तुम्ही बोलू शकला असता."

"बर्फापुरतं... हो."

"मग दर गुरुवारी मला कशाला त्रास? आज मला इथं कशाला आणलंत?"

पाणी होडीच्या कडेने सरकत ओसरत होतं, एक खेकडा बाहेर आला, आम्हाला बघून परत गेला. अनंतकृष्णांची बस मला स्पष्ट दिसली, तिचा नंबरसुद्धा. नाही, ह्या वेळी मी थांब्यावर गप्प उभी राहणार नव्हते.

"उपेंद्रराव," मी म्हटलं, "सहा वाजेपर्यंत ही होडी कुठंही जात नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. यादीत जे लिहिलं नाही ते आता बोला. आणि बर्फाचं नाव काढलंत तर मी ह्या गुडघ्यांनी चालत जाईन."

त्यांनी खिशातून यादी काढली. मी डोळे मिटले. पुन्हा यादी! पण त्यांनी पेन्सिल काढली, सात नंबरवर कंसातलं 'कन्नड' खोडलं, आणि कागद माझ्यापुढे धरला.

सात – नागरत्नाबाई.

"समुद्र एकट्याने बघवला नसता," ते म्हणाले. "म्हणून तयारी संपू देत नव्हतो. संपली की सफर होणार, सफर झाली की तुमच्याकडे यायला कारण काय उरणार? त्या मास्तरांना मी मूर्ख म्हणणार होतो त्या दिवशी. मग वाटलं, कोणत्या तोंडाने म्हणू?" त्यांनी घसा साफ केला. "गुंजन पुण्याला जाईल. मी नाही जात. तिला परवाच सांगितलं. तुमची... तुझी हरकत नसेल तर..."

"तुझी?"

"चुकलं का?"

मी त्यांच्या हातातली यादी घेतली, घडी केली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

चहा आला. साखर जास्तच होती. मी तसाच प्यायले.

सहा वाजता पाण्याने होडीला खालून हळूच उचललं, झोपलेल्या मुलाला उचलावं तसं. सूर्य बुडाला होता. मासा एकही मिळाला नव्हता आणि पंधरा किलो बर्फाचं पाणी झालं होतं. पद्मनाभने इंजिन सुरू करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, पुढे की मागे?

"मागं," मी म्हटलं. "घरी तुळस वाट बघतेय."

"पौर्णिमेला लावू ना?" उपेंद्ररावांनी भीत भीत विचारलं.

"ह्या वर्षी पौर्णिमेला. पुढच्या वर्षीपासून द्वादशीला. इथं राहायचं तर इथली वेळ धरावी लागते, समजलं?"

"समजलं." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "म्हणजे तिथीची पाऊणपट... वजा एक तास."

"हं," मी म्हटलं, आणि त्यांची मोजणारी बोटं माझ्या हातात धरून ठेवली. नाहीतर हा माणूस घर येईपर्यंत मोजतच बसला असता.