पंतांची डावी बाजू

"कोणीही हलायचं नाही! पंतांना ज्याच्याकडे यावंसं वाटेल, त्याच्याकडे ते आपणहून येतील," घोडे हाताळायला शिकवणाऱ्या मास्तरकाकांनी दबक्या स्वरात बजावले.

वाळूच्या गोल रिंगणात तीन मुले श्वास रोखून उभी होती. सुट्टीसाठी ती मावशीच्या अश्वाश्रमात आली होती. गाड्या ओढून थकलेले, शर्यतींतून निवृत्त झालेले घोडे येथे सुखाने राहत. स्वयंसेवक त्यांची निगा राखत, आणि बुजऱ्या किंवा तापट मुलांना या घोड्यांच्या सहवासात धीर व संयम शिकवीत. साऱ्या घोड्यांत ज्येष्ठ होते पंत! शुभ्र, धीरगंभीर आणि कपाळावरची दाट आयाळ डोळ्यांपर्यंत मिरवणारे.

पंत प्रथम तिघांतल्या 'बोका' म्हणवणाऱ्या मुलाकडे आले, मग त्याच्या थोरल्या बहिणीकडे. प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घेण्याच्या सवयीमुळे तिला घरात 'वकील' म्हणत. शेवटी त्यांची धाकटी मामेबहीण चिमणी हळूच पुढे झाली. तिने हात लांब केला मात्र, पंत फुरफुरत असे उसळले की वाळू उडाली!

"बघा! चाऱ्याच्या खोलीचं दार कोणी उघडं टाकलं, ते पंतांनीच सांगितलं!" बोका ओरडला.

आदल्या संध्याकाळी ते दार उघडे राहिले होते. लहानग्या तट्टाने आत शिरून पोटभर धान्य खाल्ले आणि आता ते पोटदुखीने लोळत होते. खोलीतून सर्वांत शेवटी बाहेर पडली होती चिमणी.

"बाळ, घोडा म्हणजे मनाचा आरसा," मावशी, म्हणजे चिमणीची आत्या, तिच्याजवळ बसून म्हणाली. "मनात काही दडलं असेल तर सांगून टाक. कोणी रागावणार नाही."

"आत्या, शपथ! मी खिटी लावली होती."

"पंतांना फसवता येत नाही, चिमणाबाई!" बोका म्हणाला. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसली ती वकील.

"काही दिवस तू कुंपणाबाहेर बसून बघ," मावशीने निर्णय दिला. "मन निवळलं की आत ये."

दुपारी वकील खोलीत गेली, तेव्हा चिमणी पिशवीत कपडे भरत होती.

"हे काय गं?"

"बाबांना बोलावते. ताई, मी खिटी खरंच लावली होती. पण पंतांना माझ्यात काहीतरी वाईट दिसतं. म्हणजे असेलच ना?"

 वकिलाचे कान तापले. ऊठसूट प्रश्न विचारणाऱ्या आपण या एका बाबतीत एकही प्रश्न न विचारता हसलो! ती तडक तबेल्याकडे निघाली. वाटेत तिने बोक्याला कॉलर धरून सोबत घेतले.

"अगं, पण मी काय केलं?"

"जे मी केलं, तेच. चल!"

चाऱ्याच्या खोलीचे दार तबेल्याच्या अरुंद वाटेत, आत जाताना डाव्या हाताला होते. त्याला लाकडाची फिरती खिटी होती. वकिलाने वाकून पाहिले. खिटीच्या खिळ्यात चार-दोन पांढरे केस अडकले होते.

"पंत!" बोका उद्गारला. "चोर निघाले की आपले पंत!"

"चोर असते तर धान्य खाऊन गेले असते. ते तबेल्यात परतताना नुसते दाराला घासून गेले, आणि खिटी फिरली. पण मोकळी वाट सोडून ते दाराला का घासतील?"

दोघे पंतांकडे धावले. त्यांच्या डाव्या खांद्यावर खरचटले होते. गव्हाणीच्या उजव्या बाजूचे गवत संपलेले, डावीकडचे जसेच्या तसे! वकिलाने लांब काठीला रुमाल बांधला आणि दुरून उजवीकडे धरला. पंतांचे कान लगेच टवकारले. तोच रुमाल डावीकडे धरला. पंत निवांत चघळत राहिले.

"बोक्या," ती हलक्या आवाजात म्हणाली, "चिमणी रिंगणात कुठल्या बाजूला उभी होती?"

बोक्याने जीभ चावली. "डावीकडे!"

संध्याकाळी वकील अत्यंत विनयाने मास्तरकाकांपुढे उभी राहिली. "काका, शांत मनाने घोड्याजवळ कसं जायचं, ते दाखवाल? अगदी निःशब्द. या बाजूने."

"त्यात काय! नीट बघा आणि शिका," काका प्रसन्न होऊन म्हणाले. मावशीही कुंपणाशी आली. काकांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि ते डावीकडून पंतांपाशी गेले. त्यांचा हात मानेला लागताच पंत उसळले! काका वाळूत बसले ते टोपीसकट.

"काका," बोक्याने गंभीरपणे विचारले, "तुमच्या मनात काय दडलंय?"

मावशी हसली नाही. तिने वकिलाकडे पाहिले, मग पंतांकडे. "पंत, मी येतेय," असे म्हणत ती जवळ गेली आणि तिने त्यांच्या कपाळावरची आयाळ वर उचलली. डाव्या डोळ्यावर निळसर धुके साचले होते.

तट्टाला तपासायला आलेल्या पशुवैद्यांनी निदान केले, "मोतीबिंदू! बरेच दिवस झालेत. या बाजूने बोलल्याशिवाय जाऊ नका."

"मी रोज ही आयाळ विंचरते," मावशी म्हणाली.  "त्यांच्यात सगळ्यांची मनं बघत बसले. त्यांचा डोळा तेवढा बघितला नाही."

वकिलाने खिटीच्या खिळ्यातून काढून आणलेले पांढरे केस दाखवले, तशी मावशी चिमणीपुढे गुडघ्यांवर बसली. "खिटी तू लावली होतीस. पोरी, आत्या चुकली. मला माफ कर." टोपीतली वाळू झटकत काकांनीही मान खाली घातली. "मीही चुकलो, बाळ."

मग मावशी वळून म्हणाली, "शाबास, वकील! तू आम्हा सगळ्यांचे डोळे उघडलेस!"

त्या शाबासकीने वकिलाची मान वर झाली नाही. उलट अधिकच झुकली. "मला नको शाबासकी. सकाळी सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. चिमणे, चुकलं माझं."

"माझंही," बोका पुटपुटला.

चिमणीने दोघांकडे पाहिले. "खूप लागलं होतं मला," ती म्हणाली.  मग ती रिंगणात शिरली, उजवीकडून पंतांना हलकेच हाक मारत गेली, आणि पंतांनी आपले जड मस्तक तिच्या इवल्या खांद्यावर टेकवले.

"ताई," तिने मागे न पाहता हाक मारली, "तू डावीकडे उभी राहा. तिकडे कोणीतरी बोलणारं हवं."

वकील दबकत पुढे झाली. तिने स्पष्ट शब्दांत सांगितले, "पंत, मी आहे इथे. डाव्या बाजूला."

पंतांचा डावा कान हळूच तिच्याकडे वळला.