चौथ्या खेपेला

गार्दोने गावात नोव्हेंबरात सूर्य अकरा वाजता एका डोंगरावरून डोकावतो आणि दोनच्या आत समोरच्या डोंगराआड जातो. एर्सिलिया बेल्लेरी आपलं तपासणीचं काम त्या तीन तासांतच करायची. दिव्याच्या उजेडात पोलाद खोटं बोलतं, असं तिचे वडील म्हणत. वडिलांची बाकी बरीच मतं तिनं त्यांच्याबरोबर पुरली होती, पण हे एक ठेवलं होतं.

कारखाना मेल्ला नदीच्या काठाला होता. खाली यंत्रं, वर लाकूडकाम, आणि वरच्याच मजल्यावर खिडकीपाशी हिरव्या बनातीनं मढवलेलं एर्सिलियाचं टेबल. सगळी मिळून अकरा माणसं. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रायफलींच्या हुबेहूब नकला ही मंडळी बनवत. चापाखालच्या कडीत बोटं घालायची, तरफ खाली ओढायची, वर घ्यायची, की जुनं काडतूस बाहेर आणि नवं आत. तिकडच्या हौशी लोकांना रविवारी पत्र्याची लक्ष्यं पाडायला अशाच रायफली लागत. अस्सल संपल्या होत्या, हौस संपली नव्हती.

नळी फुटणार नाही याची ग्वाही सरकारी चाचणीघर देई. ऐन वेळी रायफल दगा देणार नाही, हे मात्र एर्सिलिया सांगे. ती बिनदारूची दहा काडतुसं भरायची, डोळे मिटायची आणि तरफ चालवत ऐकायची. डावा कान कधीच कामातून गेला होता, पण उजवा असा की खालच्या मजल्यावर कानशीची धार गेली तरी तिला वर कळायचं. काडतुसं एकामागून एक बनातीवर पडत. दहाही बिनबोभाट पडली की दस्त्याच्या पत्र्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ती आपला ठसा मारायची. छोटासा मासा. एकतीस वर्षांत माशाची एकही रायफल परत आली नव्हती.

वडिलांचा ठसा गव्हाच्या ओंबीचा होता. एकदा कान नको म्हणत असताना, मालकाच्या भिडेखातर, त्यांनी तो मारला. बेर्गामोकडच्या एका माणसाचा त्या रायफलीनं डोळा गेला. त्या संध्याकाळी वडिलांनी ओंबी कानशीनं घासून सपाट केली, आणि पुढं मरेपर्यंत दस्त्यांना तेल चोळण्याचं काम केलं. तो सपाट ठसा एर्सिलियाच्या खणात होता. रोज मासा काढताना हाताला लागायचा.

आता मालक तिचा धाकटा भाऊ होता, बात्तिस्ता. गाव त्याला तिस्ता म्हणे. माणूस वाईट नव्हता, पण घोड्यावर बसूनच जन्माला आलेला. त्या वर्षी कारखान्याचं काही खरं नव्हतं, आणि अशात वायोमिंगच्या एका गिऱ्हाइकानं घरातली अस्सल रायफल पाठवून अगदी तश्शा साठ मागितल्या. या साठ पसंत पडल्या तर पुढं तीनशे. नाही पडल्या तर नाताळला कुलूप, हे अकराही जणांना ठाऊक होतं. सोबतच्या चिठ्ठीत रायफलीबद्दल एकच ओळ होती: बर्फ वितळल्यावर ओढ्याकाठी सापडली.

खोऱ्यातली जुनी रीत अशी, की जुन्या हत्याराची नक्कल करताना आधी त्याची झीज भरून काढायची. हातानं खाल्लेलं लोखंड कागदावर परत द्यायचं, मग दुरुस्त नमुना घडवायचा आणि त्यावरून नकला काढायच्या. मेलेल्या माणसाची सवय नव्या रायफलीत उतरवू नये, असं म्हातारे सांगत. तिस्तानं या भानगडीत वेळ घालवला नाही. नक्कल काढायच्या यंत्रात एका बाजूला पोलादाचं बोथट बोट असतं, ते नमुन्यावरून फिरतं, आणि दुसऱ्या बाजूला पातं तसंच्या तसं कापत जातं. त्या बोटाखाली त्यानं अस्सल रायफलच ठेवली, तुकडा तुकडा, साठ वेळा. गिऱ्हाइकाला तश्शीच हवी आहे ना, मग तश्शीच देऊ, असं त्याचं म्हणणं.

अस्सल आली तेव्हा एर्सिलियानं ती चालवून पाहिली होती. वहीत नोंद होती: चौथ्या खेपेला अडते. कारण सापडत नाही.

नकलांमधली पहिली तिनं सोमवारी हातात घेतली. एक, दोन, तीन, लोण्यासारखी. चौथ्या खेपेला तरफ अर्ध्यावर थांबली.

“अडली तर जोर लावू नये,” वडील शिकवत. “थांबावं. तिला काय हवंय ते ऐकावं.” एर्सिलिया थांबली. खालची यंत्रं ऐकू येईनाशी झाली, नदीही. वाळलेल्या गवताचा आणि बर्फाचा वास आला. अर्धा श्वास गेला असेल नसेल, तरफ आपणहून सरकली आणि खालचा खडखडाट परत आला.

तिनं रायफल पूर्ण उघडली. प्रत्येक भाग मापात चोख बसत होता. तरफेचा सांधा बदलला, कमान बदलली. तरी चौथ्याला थांबलीच. दुसरी घेतली. तीही तिथंच थांबली.

सातव्या रायफलीच्या वेळी मिटल्या डोळ्यांआड तिला पांढरं मैदान दिसलं. मधून ओढा वाहत होता, पलीकडे काळी झाडं होती, आणि एका झाडाशी काहीतरी उभं होतं. आठवीला ते झाडापासून सुटून पुढं आलेलं होतं. अकरावीला कळलं, तो माणूस आहे. चालत होता, घाई नव्हती. तरफ सरकली की तो जिथं असेल तिथं विझायचा, आणि पुढची रायफल घेतली की तिथूनच पुढं निघायचा.

खोटं कशाला बोला, एर्सिलियाला ते आवडू लागलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि इतक्या शांतपणे तिच्याकडे कुणी आलं नव्हतं. सकाळी ती अकरा वाजायची वाट पाहू लागली. मैदानावर बर्फ भुरभुरत असायचं, आणि प्रत्येक रायफलीगणिक तो थोडा थोडा मोठा होत जायचा. दिवसाला बारा व्हायच्या त्या आठच होऊ लागल्या.

दस्ते बसवणारा म्हातारा पियेरिनो शेजारीच काम करायचा. मन खात होतं म्हणून तिनं एक त्याच्या हातात दिली. त्यानं दहा वेळा तरफ ओढली आणि म्हणाला, चौथ्याला जरा थांबते खरी, बाकी काही नाही. मग खांदे आवळून त्यानं खिडकी बंद कर म्हणून सांगितलं. खिडकी बंदच होती.

पन्नासाव्या रायफलीला तो ओढ्याच्या पलीकडच्या काठावर होता. खांद्यांवर बर्फ, डोकं उघडं. कोटावर छातीशी तीन ठिकाणी कापड जळल्यासारखं काळं होतं. एर्सिलियानं नकळत ते डाग मोजले: एक, दोन, तीन. मग तिच्या ध्यानात आलं की या काठावर, हातात रायफल घेऊन, ती उभी आहे.

त्या क्षणी तिला भीती वाटली, आणि ती भीती मग गेलीच नाही. पण काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. पंचावन्नला तो पाण्यात उतरला. सत्तावन्नला पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत होतं. एकोणसाठाव्या रायफलीला तो या काठावर आला होता, हाताच्या अंतरावर. त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून वाफ आली.

तिनं रायफल बनातीवर ठेवली आणि खाली जाऊन भावाला सांगितलं, साठावी मी तपासणार नाही आणि एकीवरही मासा मारणार नाही.

तिस्ता वर आला. आवाज चढवला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

“मापात बसतात?”

“बसतात.”

“चाचणीघरानं पास केल्यात. मग नाही कशाला?”

“चौथ्याला थांबतात.”

“अर्धा श्वास! एर्सी, अर्ध्या श्वासासाठी अकरा घरांच्या चुली विझवशील?”

“बाबांनी असंच कुणाचं तरी ऐकलं होतं.”

मग मांडणीवरची शेवटची रायफल त्यानं स्वतःच उचलली. एर्सिलियाला हात धरून त्याला थांबवता आलं असतं. तिनं धरला नाही. आपल्याला ती चालवावी लागणार नाही, एवढाच विचार त्या वेळी तिच्या मनात होता, आणि पुढं आयुष्यभर तिला तो विसरता येणार नव्हता.

“थांबली तर जोर लावू नकोस,” ती म्हणाली.

तो हसला. एक. दोन. तीन.

चौथ्याला त्याचं मनगट ताठ झालं. दात आवळून त्यानं तरफ ढकलली, आणि ओल्या कापडावर काठी बसावी तसा बद्द आवाज झाला. पुढच्या सहा खेपा सरळ गेल्या.

“कच्ची होती,” तिस्ता तळवे चोळत म्हणाला. “जोर लावला की सुटते. बघ आता.”

तिनं पाहिलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या साठ पुन्हा चालवल्या. एकही थांबली नाही. मिटल्या डोळ्यांआड नुसता काळोख होता. शेवटी अस्सलही काढली. तीही दहाच्या दहा वेळा लोण्यासारखी चालली, आणि हातात कशी कोण जाणे हलकी लागली. वहीतली नोंद तिनं दोनदा वाचली. मग साठ मासे मारले. एकही वाकडा पडला नाही. शुक्रवारी पेट्या गेल्या आणि पियेरिनोनं सगळ्यांना वाइन पाजली.

रविवारी तिस्ता नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला आला. शेगडीत लाकडं धडधडत होती, खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या. एर्सिलियानं भाताचं सूप वाढलं. त्यानं कोट काढला नव्हता. तीनशेंबद्दल बोलत होता, नवं यंत्र घेऊ म्हणत होता. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती दोनदा हसलीसुद्धा.

तो जेवू लागला. एक चमचा, दुसरा, तिसरा. चौथा ओठांशी येऊन थांबला. मग आत गेला.

काहीतरी आठवलं असेल, असं तिला वाटलं.

एक, दोन, तीन. चौथा थांबला. या वेळी जरा जास्त.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“कुठं काय?” तो म्हणाला आणि पाव मोडला.

तिनं आपला चमचा खाली ठेवला. ऐकू लागली.

एक.

दोन.

तीन.

चौथा चमचा हवेत थांबला. शेगडीतली लाकडं ऐकू येईनाशी झाली. तिस्ता तिच्याकडे पाहत होता, पण ओढ्याच्या या काठावरून त्या काठाकडे पाहावं तसा.

जोर लावायचा नव्हता. ती थांबली, वडिलांनी शिकवलं होतं तशी, अर्धा श्वास, मग एक, मग आणखी एक. चमचा हलला नाही.

त्या उबदार स्वयंपाकघरात त्याच्या उघड्या तोंडातून वाफ येत होती.